कतारचा हौद

मला सल्ला द्यायची खोड आहे, आणि कतारला आल्यापासून ती वाढली. माणूस विमानात बसून परमुलखात उतरला की त्याला उगाच वाटतं, आपल्याला गावापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात. मी पेशानं प्लंबर. आमची कंपनी रस्त्याकडेच्या बागांना आणि उम्म सलाल मोहम्मद या गावाबाजूच्या चाऱ्याच्या शेतांना ठिबकच्या नळ्या टाकते. त्यांतून जाणारं बरंचसं पाणी म्हणजे शहराचं सांडपाणी, शुद्ध करून पुन्हा वापरलेलं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीनदा साबणानं हात धुतले होते. पुढे त्याच पाण्यावर वाढलेला हिरवागार चारा बघून माझी छाती फुगायला लागली, जशी काही ती युक्ती मीच काढली होती.

आणि गावाकडे, मराठवाड्यात, आमच्या दारासमोर काय, तर मोरीचं पाणी. नव्या गल्लीत बारा-तेरा घरं, प्रत्येकाचं न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी रस्त्यावर. शेवाळावरून घसरून कुणी ना कुणी पडायचंच. बायको फोनवर बोलता बोलता मध्येच ‘थांबा हो’ म्हणून डास मारायची. तो फटका मला इथं कतारमध्ये, अल मन्सूरा भागातल्या माझ्या खोलीत ऐकू यायचा.

त्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं ठरवलं की सिमेंटची गटार बांधायची आणि सगळं पाणी खालच्या ओढ्यात सोडायचं. ओढ्याच्या काठावरच खालच्या वस्तीची प्यायच्या पाण्याची विहीर आहे. आमची बायको चारचौघांत तोंड उघडणारी नव्हे, पण हे जाहीर झालं त्या ग्रामसभेत ती उभी राहिली. म्हणाली, “आपली घाण त्यांच्या घागरीत सोडायची व्हय? आमच्या गल्लीचं पाणी आम्ही गल्लीतच जिरवू. पोळ्यापर्यंत जिरलं नाही, तर बांधा तुमची गटार.”

संध्याकाळी तिचा फोन आला. “बोलून तर बसले. आता कसं जिरवावं, तेवढं सांगा.”

मला विचारलं! मी तर अशा प्रश्नाची वाटच बघत होतो. टोमॅटोच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर मार्करनं नकाशा काढला. एवढा लांब, एवढा रुंद, एवढा खोल खड्डा. तळाला मोठे दगड, मग विटांचे तुकडे, मग बारीक खडी, आणि सगळ्या मोऱ्यांचा पाइप त्यात. माझ्या खोलीत कोकणातला एक ड्रायव्हर राहतो. त्याला पुठ्ठा दाखवला. तो म्हणाला, “झकास! आमच्याकडे असो खड्डो मारलो तर पाणी खंय गेला ता कळाचा पण नाय.” दोन अनुभवी माणसांची पसंती मिळाली. फोटो काढून पाठवला.

गल्लीतल्या बायकांनी माझा नकाशा तंतोतंत पाळला. पुठ्ठ्यावर टोमॅटोचा डाग पडला होता, तर तेही काही खड्ड्यात टाकायचं असतं का, म्हणून एकीनं विचारून घेतलं. आठ दिवसांत खड्डा तयार झाला. पहिल्या दिवशी पाणी सोडलं आणि ते गपकन नाहीसं झालं. मी खोलीवर शेवयांची खीर केली, शेजारच्या खोलीतल्यांनाही बोलावून दिली, आणि आपला देश असाच पुढे जाणार, यावर अर्धा तास भाषण केलं. कोकणातला ड्रायव्हर दुसऱ्यांदा खीर घेत मान डोलवत होता.

चौथ्या दिवशी पाणी जिरेनासं झालं. सातव्या दिवशी खड्डा काठोकाठ भरला. दहाव्या दिवशी शेजारच्यांचं वासरू दावं तोडून आलं आणि त्यात तोंड घालून उभं राहिलं. गल्लीनं खड्ड्याचं बारसं करून टाकलं. कतारचा हौद! आधी पाणी निदान पसरलेलं होतं, आता ते एका जागी खोल साचलं होतं, आणि डासांची चंगळ झाली होती. सरपंच रोज तिथून मुद्दाम फटफटी हळू करून जायचे.

मी काय केलं असेल? चिडलो. “दगड नीट रचले नसतील. सांगितल्याबरहुकूम कुणी करतच नाही आपल्याकडे!” असं म्हणालो. आज लिहितानाही मला त्या वाक्याची लाज वाटते. उन्हातान्हात खणलं त्यांनी, टोमणे खाल्ले त्यांनी, आणि मी शेतातल्या शेडखाली थंड पाण्याची बाटली घेऊन त्यांनाच नावं ठेवत होतो.

बायको म्हणाली, “तुमच्या तिथली माती दाखवा बरं.”

मी शेतातच होतो. मोबाइलचा कॅमेरा जमिनीकडे फिरवला, खाली वाकून मूठभर माती उचलली. माती कसली, वाळूच. बोटांतून भुरूभुरू गळून गेली. तिनं निरखून बघितलं. मग ती तिच्या बाजूला गल्लीत उतरली, खड्ड्याच्या काठची माती उचलली आणि मूठ उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. काळी, ओली, तळहाताला घट्ट चिकटलेली. तिनं हात झटकला तरी पडली नाही.

“ही बघा आपली,” ती म्हणाली.

मी त्याच मातीत जन्मलो. शाळेतून येताना त्याच चिखलात माझ्या चपला रुतून बसायच्या, आणि चपला टाकून आलो म्हणून मार खायचो. काळी माती भिजली की फुगते आणि तोंड मिटून घेते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी पाणी गेलं ते उन्हाळ्यानं पडलेल्या भेगांत गेलं. भेगा मिटल्या, खेळ खलास. मला वाळूची सवय झालेली, आणि पसंती देणारा माणूस जांभ्या दगडाच्या मुलखातला. आम्ही दोघांनी मिळून तिसऱ्याच मातीत खड्डा खणला होता.

“आता गं?” मी विचारलं. हा प्रश्न मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच विचारत असेन.

ती म्हणाली, “लग्नाआधी मी याच गावात आत्याकडं राहून विहिरीच्या कामावर पाट्या वाहिल्यात. नव्या गल्लीच्या वळणावर, लिंबाखाली, कंबरभर खणलं की मुरूम लागतो. मुरमात पाणी थांबत नाही. तिथं खणतो.”

मग सल्ला द्यायची माझी हुक्की पुन्हा उसळली, पण या वेळी दोन दिवस विचार करून एकच गोष्ट सांगितली. ठिबकची नळी तुंबते ती घाणीनं, म्हणून आम्ही पाण्यातली घाण आधी अडवतो आणि जाळी आठवड्याला धुतो. तसंच खड्ड्याच्या आधी एक छोटी टाकी करा, खरकटं आणि साबणाचा साका तिच्यात बसू द्या, आणि ती धुवायची पाळी घराघराला लावा. ती म्हणाली, “हे कामाचं बोललात.” अठरा वर्षांच्या संसारातलं माझं हे सगळ्यात मोठं बक्षीस!

मुरूम कंबरभर खोलीवर लागला नाही. छातीएवढं खणावं लागलं. मध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला आणि काम थांबलं. पोळा जवळ आला. त्या दिवसांत मी कामावर नळीचं कपलिंग उलटं बसवायचो आणि आमचा मल्याळी सुपरवायझर ओरडायचा, “यल्ला, चलो भाई, ध्यान किधर है?” खालच्या वस्तीची ती विहीर मला डोळ्यांसमोर दिसायची. आणि ग्रामसभेत आपली बायको मान खाली घालून उभी आहे, हे तर मुळीच बघवत नसे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक आणि सरपंच बघायला आले. इथं दुपारची सुट्टी होती. उन्हाळ्यात त्या वेळी उघड्यावर काम बंदच असतं, त्यामुळे आम्ही सगळे शेडमध्ये. बायकोनं फोन लिंबाच्या फांदीला बांधला होता. माझ्या मागे सुपरवायझर, दोन नेपाळी फिटर, सगळे माना पुढे काढून. गल्लीतल्या साऱ्या बायकांनी एकाच वेळी हंडे, बादल्या, पिंपं मोऱ्यांत ओतली. टाकी भरली, पाणी पुढे गेलं. खड्ड्यात चढलं. बरंच वर चढलं. सरपंच खिशात हात घालून उभे.

मग पाणी उतरायला लागलं. आधी एक दगड ओला दिसला, मग त्याच्या खालचा. बायका काठावर बसून दगड मोजायला लागल्या. शेवटी ग्रामसेवकांनी काठी घालून बघितली आणि सरपंचांना म्हणाले, “गटारीचं राहू द्या.” शेडमध्ये नेपाळी फिटरनं शिट्टी मारली. मी सुपरवायझरच्या खांद्यावर डोकं टेकून रडलो, आणि काय झालंय हे नीट न कळताही तो “इन्शाल्ला, इन्शाल्ला” म्हणून माझी पाठ थोपटत राहिला.

पंधरा दिवसांनी बायकोचा फोन आला. आवाज घाईचा होता. पलीकडच्या गावातल्या बायकांनी तिला बोलावलं होतं, त्यांच्या गल्लीतलं पाणी जिरवायला. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघणार होती, एकटीच.

मी लगेच विचारलं, “मग काय सांगणार आहेस त्यांना? किती खोल खणायचं?”

“आता कसं सांगू?” ती म्हणाली. “अजून त्यांची माती बघितली नाही मी.”