पुसामास्तर

मास्तर म्हटलं की लोकांना छडी आठवते. मला पाठ आठवते. दर रविवारी, उपासनेच्या आधी पोरांची शब्बाथशाळा भरायची, तेव्हा आमचे मास्तर वीस-बावीस पोरांकडे सरळ पाठ फिरवून खिडकीशी उभे राहायचे. बाहेर कालवा आणि कालव्यापलीकडे ऊस. हात मागे बांधलेले, कोटाची शिवण खांद्यापाशी उसवलेली. "लिवा," ते खिडकीला सांगायचे, "मी बघत न्हाय."

लिहायचं काय, तर देवाला जे सांगायचं असेल ते. भीती, चोरी, भांडण, हट्ट, काहीही. ज्यांना अजून अक्षरं येत नव्हती त्यांनी चित्र काढायचं. दगडी पाट्यांवर पेन्सिली कुरकुरायच्या, मग हळूहळू थांबायच्या. तेवढ्यात मास्तर असे काही ओरडायचे, "पुसा!", की कौलांवरचे पारवे उडून जायचे. थुंकीनं, फडक्यानं, सदऱ्याच्या बाहीनं आम्ही पाट्या पुसायचो आणि मगच ते तोंड आमच्याकडे फिरवायचे. म्हणायचे, "आता ते तुमच्याकडं राह्यलं न्हाय. त्याच्याकडं गेलं. आता जेवा, खेळा, खुशाल निजा." या ओरडण्यावरून पोरांनी त्यांना नाव ठेवलं पुसामास्तर. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, असं मला वाटतं.

इंदापुरापासून दोन-तीन कोसांवर आमचं गाव. गावाबाहेर मिशनचं कंपाउंड. त्यात प्रार्थनेचं मंदिर, शाळेची एक लांबट खोली, तिच्यामागे मास्तरांची खोली, घंटा वाजवणाऱ्या योहानची खोली आणि आमचा बंगला. बंगला म्हणजे आपला तीन खोल्यांचा, पण माझे वडील तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणून तो बंगला. आणि मी पाळकसाहेबांची एकुलती एक लेक, म्हणून कंपाउंडातली राजकन्या. निदान माझी तशी पक्की समजूत होती. सन तीसच्या पुढची दोन-तीन वर्षं ती. मी दहा वर्षांची असेन.

मास्तर बारामतीकडचे, नगरला शिकून आलेले. बायको तापात गेली, मूलबाळ नव्हतं. स्वतःच भाकरी थापायचे आणि स्वतःच करपवायचे. आईनं कधी कालवण पाठवलं तर भांडं घासून परत द्यायचे आणि सोबत निरोप द्यायचे, "पुन्यांदा मिळावं म्हनून बोलत न्हाय, पर कालवण झकास." खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. एकदा तपासनीस आले. त्यांनी विचारलं, "गणितात मुलं कशी आहेत?" आपला मास्तर सरळ म्हणतो, "कच्ची हायेत. मी बी कच्चाच हाय." बाबांनी कपाळाला हात लावला. तपासनीस मात्र हसत हसत गेले.

पोरांनी काय वाट्टेल ते विचारावं आणि मास्तरांनी ते मनावर घ्यावं, अशी त्यांची तऱ्हा. दाविद नावाचा एक दांडगट पोरगा होता. तो एकदा उठून म्हणाला, "मास्तर, मी बैल लिवला. तीन रविवार लिवला. आला न्हाय." आम्ही खो खो हसलो. मास्तर हसले नाहीत. ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "अरं, माझी बी तीच रड हाय. मी माणूस लिवलं हुतं, ते बी राह्यलं न्हाय. पर दाव्या, ते दुकान न्हवं. बाप हाय तो. बापाला सांगून ठेवायचं. दिलं तर दिलं, न्हाय दिलं तर त्याला ठावं तरी असतं." दाविदनं डोकं खाजवलं. "मंग पुढच्या रविवारी पुन्यांदा लिवू?" "लीव की. तो कटाळत न्हाय."

मला आज कळतं, की आम्हा पोरांना देवावर भरवसा ठेवायला त्या माणसानं जेवढं शिकवलं, तेवढं माझ्या वडिलांच्या सगळ्या प्रवचनांनी शिकवलं नसेल. घरी ज्याला कुणी विचारत नव्हतं, तेही पोरगं पाटीवर मान घालून पाच मिनिटं मन लावून लिहायचं. कुणी वाचणार नाही याची खात्री होती ना! त्या खात्रीवर सगळं उभं होतं, आणि ती मी मोडली. हे मी आजवर घराबाहेर कुणालाही सांगितलेलं नाही.

योहानची मुलगी एस्तेर माझ्याच वयाची. गावातले सगळे तिला इस्तर म्हणायचे. काळी, किडकिडीत, पण पाठांतर असं की ऐकत राहावं. त्या वर्षी बायबलातली वचनं पाठ म्हणण्याची चढाओढ झाली आणि मिशनच्या मडमसाहेबांनी दिलेलं रंगीत चित्र इस्तरनं पटकावलं. मी मधेच अडखळले होते. घरी आई सहज बोलून गेली, "घंटावाल्याची पोर पुढं गेली गं बाई!" ते माझ्या जिव्हारी लागलं. मेलं एवढंसं चित्र, पण मला रात्रंदिवस तेच दिसायचं.

पाट्या शाळेच्या होत्या. पुसून झाल्या की त्या गोळा करून कोनाड्यात रचून ठेवायचं काम माझ्याकडे. इस्तर पेन्सील फार दाबून लिहायची. दगडी पाटीवर दाबून लिहिलं आणि घाईनं पुसलं, की पाटी ओली असेतो काळीभोर दिसते आणि वाळली की अक्षरं पुन्हा फिकट उमटतात. एका रविवारी तिची पाटी माझ्या हातात वाळली. दोन अक्षरं दिसली. मी काय करायला हवं होतं? फडकं फिरवायला हवं होतं. मी पाटी दाराशी नेली, उन्हाकडे तिरपी धरली आणि सगळं वाचून काढलं.

"देवा, शामूसाठी बा नरसिंगपूरला नारळ देऊन आलाय. तुला सोडून न्हाय गेला. भ्याला हुता. त्याच्यावर रागवू नको."

शामू तिचा धाकटा भाऊ. कालवा आल्यापासून आमच्या भागात हिवतापही आला होता आणि त्यानं शामूला पुरता पिळून काढला होता. मिशनच्या गोळ्या झाल्या, मंडळीच्या प्रार्थना झाल्या. आणि आता पोरगं जरा उठून बसायला लागलं होतं.

दुपारी जेवताना मी अगदी साळसूदपणे विचारलं, "बाबा, आपल्यातल्या कुणी नवसाचा नारळ दिला तर चालतं का हो?" बाबांचा घास हातातच राहिला. "कुणी दिला?" मी थोडे आढेवेढे घेतले. तेवढी अक्कल होती मला. मग सांगून टाकलं, कुणी दिला तेही आणि कुठे वाचलं तेही. आई म्हणाली, "अहो, जाऊ द्या. पोटच्या पोरासाठी माणूस वेडा होतो." पण बाबा उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. मला त्या क्षणी आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू?

मंडळीचे पंच जमले. योहाननं काहीच लपवलं नाही. "गेलो हुतो सायब," तो म्हणाला. "पर आत न्हाय गेलो. आपल्याला आत कोन घेतंय? खाली संगमावर उभा राह्यलो, नारळ एकाच्या हाती दिला, हात जोडले नि आलो." पंचांना जास्त राग आला तो शामू बरा झाल्याचा. गावात लोक बोलायला लागले होते की ख्रिस्ती देवानं केलं नाही ते नरसिंहानं केलं. योहानला प्रभुभोजनातून, म्हणजे मंडळीतूनच, काढलं, घंटा काढून घेतली, खोली सोडायला सांगितली. ज्या देवळात त्याला पाऊल टाकू देत नव्हते, तिथं गेला म्हणून आम्ही त्याला आमच्या देवळातून घालवलं. हा न्याय बाबांनी वाचून दाखवला.

पुढच्या रविवारी मास्तर नेहमीसारखे खिडकीकडे वळले आणि "लिवा" म्हणाले. एकही पेन्सील वाजली नाही. मास्तर वळून बघतात तो इस्तर उभी.

"मास्तर, मी फकस्त देवाला सांगितलं हुतं. बाला बी ठावं न्हवतं, मला समजलंय म्हनून. मंग पाळकसायबाला कुनी सांगितलं?"

दाविद हळूच म्हणाला, "देवानंच सांगितलं आसंल."

"म्हंजी देव चुगली करतो?" मागून कुणीतरी विचारलं. आणि एकेका पोरानं आपली पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. लहान लहान पोरं ती! त्यांचे चेहरे मला आजही दिसतात. घाबरली होती बिचारी. आजवर काय काय लिहून बसलो, हे आठवत असतील. मी पाटीवर नखानं रेघा ओढत होते. एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं.

मास्तर पांढरेफटक पडले होते. त्यांनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, पण कुणावरही थांबवली नाही. मग इस्तरसमोर आले आणि म्हणाले, "देवानं न्हाय सांगितलं पोरी. तो कुनाचं सांगत नसतो. मी वाचली तुझी पाटी. मीच जाऊन सांगितलं." आणि त्या माणसानं दहा वर्षांच्या मुलीपुढे हात जोडले. "माझं चुकलं."

इस्तर त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. पाटी खाली ठेवली आणि निघून गेली. त्याच आठवड्यात योहान बायकापोरं घेऊन बारामतीकडे गुऱ्हाळावर कामाला गेला.

नवल असं, की पोरं पुन्हा लिहायला लागली. पण कशी? मास्तरांकडे पाठ करून, पाटी पोटाशी धरून, आणि पुसताना तीन-तीनदा पुसून. देवावरचा भरवसा राहिला, मास्तरांवरचा गेला. शाळा सुटल्यावर त्यांच्या मागे मागे फिरणारी पोरं त्यांना टाळू लागली. आयाबाया कुजबुजायला लागल्या, "तोंडावर गोड आन् पोरांची गुपितं फोडतो मेला." पुसामास्तर हे नाव बंद झालं. चुगल्या मास्तर म्हणू लागले. दाविद तर त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा.

बाबांना खरं ठाऊक होतं. आईलाही होतं, पण ते उघड सांगण्याचा अधिकार एकाच माणसाकडे होता, आणि तो माझा बाप होता. एका संध्याकाळी त्यांनी मास्तरांना बोलावलं. मी आतल्या दाराआड उभी.

"मास्तर, तुम्ही खोटं बोललात."

"व्हय सायब."

"का पण?"

"पोरांचा कुनावरनं तरी इस्वास उडनारच हुता. माझ्यावरनं उडाला, तर दुसरा मास्तर येईल. देवावरनं उडाला, तर त्येंनी जायाचं कुठं?"

बाबांनी खाकरून घसा साफ केला. "खरं कुणी सांगितलं, ते तुम्हाला माहीत—"

"न्हाय. आन् सांगू बी नका सायब. जे कुनी आसंल, त्याला म्या रोज शिकवायचं हाय. ठावं झालं तर माझ्या डोळ्यांत येईल."

बाबांनी मला वाचवलं आणि मी स्वतःला वाचवलं. करून सवरून नामानिराळी राहिले. दार ढकलून बाहेर यायला मला दोन पावलं टाकायची होती फक्त. मी उलट्या पावली स्वयंपाकघरात गेले आणि आईजवळ शेंगा सोलत बसले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मास्तरांची बदली झाली, भीमेपलीकडे, सोलापूरच्या बाजूला. मंडळीनंच मागितली होती. निघाले त्या सकाळी एक ट्रंक, एक वळकटी आणि बैलगाडी. निरोप द्यायला एक पोर फिरकलं नाही. आईनं भाकरी-चटणीचं गाठोडं माझ्या हाती दिलं आणि म्हणाली, "जा, देऊन ये." मी आढेवेढे घेतले. तिनं पाठीत धपाटा घातला, तेव्हा गेले.

मास्तर गाडीच्या मागे पाय सोडून बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! गाठोडं घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू आलीस व्हय? येवढ्या पोरांतनं तू येकटी आलीस." डोळे पुसले त्यांनी. "तुझा तरी माझ्यावर इस्वास राह्यला बाई. देव तुझं भलं करंल." गाडीवाल्यानं बैल हाकले. मी तिथेच उभी. त्यांनी वळणापर्यंत हात हलवला आणि मीही हलवला. काय निर्लज्ज हात असतील माझे!

दोन वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं. तिकडेही हिवतापच. बाबांनी पत्र वाचून घडी घातली आणि त्या रविवारी प्रवचन केलं नाही, नुसती प्रार्थना केली. आम्ही दोघांनी तो विषय जन्मात कधी काढला नाही.

मी पुढे शिक्षिका झाले. चाळीस वर्षं शब्बाथशाळा घेतली. भरवसा ठेवा म्हणून पोरांना सांगितलं, गाणी शिकवली, बक्षिसं वाटली. लोक म्हणतात, बाईंनी मुलांना फार चांगलं वळण लावलं. ऐकून घेते. पण पोरांना मनातलं लिहायला सांगायची माझी छाती कधी झाली नाही. माझ्यासारखी एखादी त्यांत बसलेली असेल, ही भीती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

काही वर्षांपूर्वी बारामतीला एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. पांढरे केस, कपाळ मोकळं, ताठ कणा. मला निरखून म्हणाली, "तू पाळकसायबाची ना गं?" इस्तर होती. मी हातातला घास ताटात ठेवला. तीच भरभरून बोलत होती. शामू शिकला, तलाठी झाला, नातवंडं आहेत. योहान मात्र त्यानंतर कुठल्याच देवळाची पायरी चढला नाही. मरेपर्यंत नाही. "पण मी सोडलं न्हाय हां," ती म्हणाली. "रोज सांगते त्याला सगळं. तो कुनाचं सांगत नसतो, येवढं मला पक्कं म्हाईत हाय."

मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "पुसामास्तर आठवतात का गं? लई राग धरला बघ मी त्या मानसाचा. वर्सानुवर्सं. मरताना बा सुदिक त्येंचं नाव घेऊन शिव्या देत हुता. पर आता म्हातारपनी कशाला ते मनात ठेवायचं? मी माफ करून टाकलं त्येंना."

ती माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं.

मी म्हणाले, "बरं केलंस."