निळ्या जर्सीची शिवण

नातीची नवी फुटबॉल जर्सी पिशवीतून काढताना नायलॉनचा वास आला आणि वाळूजच्या कारखान्यातली एक दुपार आठवली. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर धुमसत होतं. कधी एसटी बंद, कधी बाजार. आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघासाठी दोन पुरवठादारांचे नमुने आले होते. मेरठची पिवळी जर्सी जाड सुती होती, घामानं जड व्हायची. जालंधरची निळी हलकी नायलॉनची, दुहेरी शिवणीची. कप्तान मी, त्यामुळे निवड माझ्याकडं होती. सकाळीच साहेबांनी बोलावून सांगितलं, "सध्या निळा रंग नको. शिवण कच्ची आहे म्हणा." जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडखाली मी सगळ्यांना तेच सांगितलं. माझ्या शेजारच्या लेथवर काम करणारा आमचा गोलकीपर नामांतराच्या मोर्चांना जायचा. तो उठला आणि त्यानं निळी जर्सी दोन्ही हातांनी ताणली. शिवण हलली नाही. "कुठं कच्चीय? दाखव की." मी घड्याळाकडं पाहिलं, भोंग्याला अजून दहा मिनिटं होती. "पिवळीच घेऊ," मी म्हणालो. जर्सीची घडी घालत तो म्हणाला, "गोलकीपरचा शर्ट वेगळाच असतोय. मला निळा मिळणारच नव्हता. तू खरं बोलावं, एवढंच वाटत व्हतं." पुढं कित्येक वर्षं आम्ही शेजारी काम केलं, पिवळ्या जर्सीत सामनेही जिंकलो. साहेबांनी मला तसं सांगायला लावलं होतं, हे त्याला सांगणं मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. निवृत्त होऊन तो गावी, फुलंब्रीला गेला. फुलंब्री इथून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि मी अजून गेलेलो नाही.