कांद्याचं श्रेय

सत्तरच्या दशकात लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो. इंग्रजांच्या वेळचा दगडी बंगला नुकताच दुरुस्त केलेला, भोवती जांभळीची दाट झाडी. पण वाटेत मी बायकोच्या सांगलीच्या माहेरची टवाळी केली होती. "उद्या मला सांगलीच्या गाडीत बसवा," एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली.

बंगल्याचे राखणदार वडूजकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. नवं जोडपं म्हणून फाटकापासूनच मोठ्यानं खाकरत यायचे आणि आमच्याकडे न बघता खांबाशी बोलावं तसं बोलायचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, माफी मागू नगा, तुमाला जमायची न्हाई. वैनींपुढं बसून कांदा चिरा."

मी चिरला. डोळे, नाक, सगळं वाहू लागलं. ती खुदकन हसली आणि माझ्या हातातली सुरी ओढत म्हणाली, "आवं, बोट जाईल!"

सांगलीची गाडी राहिली. पुढं ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "ह्ये आपणहून स्वयंपाकघरात आले." मी गप्प राहून ते कौतुक घेत आलो, पण मनाला टोचत होतं. काल, पंच्याहत्तरी उलटल्यावर, कांद्याची युक्ती राखणदारांची होती, हे तिला सांगून टाकलं.

"पयला कांदा त्यांचा," ती म्हणाली. "फुडचे सगळे तुमीच चिरले की."