चाखणाऱ्याची बायको

माझा थोरला भाऊ वाईनच्या कारखान्यात चाखणारा होता आणि वहिनी तिथेच ग्लास धुवायला होती. ह्यांना थुंकायचा पगार मिळतो, असं ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगायची, आणि आम्ही दर वेळी हसायचो.

कामच तसं होतं. टेबलावर पांढरा कागद, त्यावर रेड वाईनचे ग्लास. दादा ग्लास तिरका धरून रंगाची कड बघायचा, गोल फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घेऊन हिरड्यांपर्यंत खेळवायचा. आंबट किती, तुरट किती, चव मागे किती रेंगाळते, ते ठरलं की पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकून गुण लिहायचा. घोट गिळायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. गिळला की शेवटचे ग्लास सगळेच गोड लागतात. त्याच्या नाकापायी वहिनीनं घरात कधी अत्तर लावलं नाही, कधी कांदा करपू दिला नाही.

बदल आधी तिलाच कळला, कारण बादली रिकामी करायचं काम तिचं. बादली हलकी लागायला लागली. ग्लास कमी लावले असतील म्हणावं, तर ते तेवढेच. मग एक दिवस तळाला नुसती ओल. घरी तिनं विषय काढला, तर दादा म्हणाला, घशाखाली गेल्याशिवाय खरी चव कळत नाही, तुला त्यातलं काय समजतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या घरातल्या बायका एकमेकींना शिकवत आल्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून, साहेब गुणांचा कागद न्यायला यायच्या आत, ती बाटल्यांतलं उरलंसुरलं बादलीत ओतू लागली. वर तांब्याभर पाणी.

पुढे साहेबांनी एकदा कोणाला न सांगता एकच वाईन रांगेतल्या दोन ग्लासांत ओतली. सुरुवातीच्या ग्लासाला दादानं 'कच्ची, तुरट' म्हणून नापास केलं, शेवटच्याला भरभरून गुण दिले. आठवड्यानं साहेबांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

त्यांनी वहिनीला बोलावलं. माणूस भला.

"मला आधी वेगळीच शंका आली होती," ते म्हणाले. "पण बादली रोज भरलेली असते, मी बघतो ना. जीभ गेली हो बिचाऱ्याची. वयानं जाते. काढणार नाही मी त्यांना. तळघरात पिंपांवर देखरेखीला ठेवतो. कोणाचा जाच नाही, किल्ल्याही त्यांच्याकडेच. चालेल ना?"

वहिनी हातातला ग्लास पुसत राहिली. खरं सांगावं तर नोकरी आजच जाणार. न सांगावं तर काय, ते तिला मनातसुद्धा पुरं करता येईना.

चालेल म्हणाली. वर आभारही मानले.

मला हे कळलं तोवर दादा तळघरात रुळला होता. सकाळी किल्ल्या घेऊन हसत निघायचा, संध्याकाळी दोन हमाल त्याला धरून आणायचे. मी चिडून म्हटलं, अगं, निदान तेव्हा तरी तोंड उघडायचंस.

"उघडलं असतं तर घरी बसले असते, वन्सं," ती म्हणाली. "आणि घरी बसून काय केलं असतं?"

दारात पावलं वाजली तशी ती उठली आणि वाटेतली खुर्ची आधी बाजूला सरकवली.