एकाच प्रतीची पुस्तिका

ईश्वर मेश्राम तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. आपल्याकडे स्टेजवर चढणाऱ्यांचीच नावं लक्षात राहतात, आणि ईश्वरकाका स्टेजमागे कागद कापत असायचे. नागपुरात छापखान्यात शिकले, मुलीमागोमाग न्यू जर्सीत आले, तर इथेही एका लहान प्रेसमध्येच लागले.

बाबासाहेबांची जयंती एप्रिलची, पण इथे तेव्हा थंडी हटत नाही, म्हणून वेस्ट विंडसरच्या पार्कात आपल्या पोरांचे फुटबॉल सामने मेमध्ये व्हायचे. त्याची पुस्तिका काका करायचे. निळं कव्हर, आत प्रत्येक खेळाडूचं नाव, आईचं नाव, गाव, सगळं मराठीत. कारण सामने संपले की काका प्रत्येकाच्या आईला एकेक प्रत पोस्टानं धाडायचे. पोरं मात्र तीच पुस्तिका ओल्या गवतावर टाकून वर बसायची. काका लांबून ओरडायचे, "अबे, आईच्या नावावर बसतो का बे?"

२००८ला जयंतीच्या कमिटीनं ठरवलं, पुस्तिका बंद, आता वेबसाइट. सेक्रेटरी हर्षिता सॉफ्टवेअरमधली. म्हणाली, "काका, पेपर कोण वाचतं यार आता? आया ऑनलाइन बघतील."

"पवनीत शीलाताई कुठं बघतील?"

"सायबर कॅफेत."

माझं डोकं फिरलं. "अंगणवाडीतून सुटल्यावर ती बाई गेम खेळणाऱ्या पोरांच्या रांगेत बसणार? तू बसवशील तुझ्या आईला?"

मतं घेतली. आम्ही दोघंच एका बाजूला उरलो. काका मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. "चल. चिडून छपाई होत नसते."

शीलाताई म्हणजे प्रफुल्ल गजभियेची आई. प्रफुल्ल इथे पीएच.डी. करत होता आणि डाव्या बाजूनं असा सुटायचा की मागचे नुसते शिव्या देत राहायचे. त्याच्या तीन वर्षांच्या पुस्तिका ताईंनी बाबासाहेबांच्या फोटोखाली मांडून ठेवल्या होत्या. चौथ्या वर्षी तो खेळला, नाव वेबसाइटवर आलं. ऑगस्टमध्ये हायवेवर ट्रकनं त्याची गाडी चिरडली. पेटी विमानात चढवायला मी आणि काका गेलो होतो.

नोव्हेंबरात काकांना पवनीहून फोन आला. मी समोरच बसलो होतो.

"भाऊ, यंदाचं पुस्तक आलं नाही. पोस्टात हरवलं का?" मग विचारलं, "तो खेळला होता ना यंदा?"

"खेळला ताई. दोन गोल केले. पाठवतो मी."

वेबसाइट उघडली तर तिथे गाद्यांची जाहिरात. वेबसाइटचे पैसे भरायचे राहिले होते आणि खेळाडूंची यादी दुसरीकडे कुठे ठेवलेली नव्हती. हर्षिता फोनवर रडायला लागली. पहिल्यांदाच मला तिच्यावर ओरडता आलं नाही.

मग काकांनी एकेका पोराला फोन लावला. तू कुठल्या टीमकडून होतास, आईचं नाव सांग, गाव सांग. काही पोरं शिकून दुसऱ्या राज्यात गेलेली, तरी शोधली. प्रेसचा मालक म्हणाला, "एका प्रतीसाठी प्लेटा बनवतोस? वेडा आहेस!" काकांनी बनवल्या. कव्हरला तोच निळा रंग.

प्रूफ माझ्याकडे आलं. मी बोट ठेवलं. "काका, प्रफुल्लच्या नावाआधी 'कालकथित' राहिलं."

"राहिलं नाही. घातलं नाही."

"का? गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावायची आपली रीत आहे ती. आईपासून काय लपवता?"

"तिच्यापासून काय लपणार बापा? पेटी तिच्याच दारात उतरली." त्यांनी प्रूफ माझ्या हातातून काढून घेतलं. "पण पुस्तिका सामन्याच्या आधीची असते. अजून शिट्टी वाजली नाही. सगळी पोरं खेळायची आहेत."



डिसेंबरात ताईंचा फोन आला.

"मिळालं भाऊ. नाव बरोबर आहे. माझंही." मग म्हणाल्या, "आता पुढल्या वर्षी पाठवू नका."

"बरं ताई," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पुस्तिका केली नाही. कुणी मागितलीही नाही.