दोन चौकट

टायपिंगबाईंचा क्लास कॉम्प्युटरनं बुडवला, तेव्हा बाईंनी पत्त्यांच्या ब्रिजमधल्या बोल्या सुधारायला घेतल्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातलाच प्रकार. जोडीदारानं 'एक नो-ट्रम्प', म्हणजे बिनहुकुमी डावाची बोली, लावली की आपण काय उत्तर द्यायचं, एवढ्याशा प्रश्नाची त्यांनी चार पानं टाइप केली होती. कुठली बोली काय विचारते, तिला उत्तर काय, त्या उत्तराला पुन्हा उत्तर काय.

जोडीदार म्हणजे थोरल्या भावाची बायको, वहिनी. एकाच घरात बाई वर, वहिनी खाली, आणि दोघींत अकरा वर्षं अवाक्षर नाही. ब्रिजला हे फारच सोयीचं. जोडीदारांनी टेबलावर एकमेकांशी बोलायचंच नसतं, फक्त बोलीची कार्डं मांडायची. क्लबात इतकी शिस्तीत गप्प बसणारी जोडी दुसरी नव्हती.

अबोल्याचं कारण बाईंची जीभ. भर स्पर्धेत वहिनीनं एक डाव घालवला आणि बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्या भावानं पत्ते न बघताच संसाराचा डाव मांडला." हॉलभर हशा पिकला. वहिनी तेवढी हसली नाही. भाऊ होता तोवर वरखाली निरोप पोचवायचा. तो गेल्यावर सुधारलेली पानं दाराखालून सरकू लागली. चुकलं म्हणायला बाईंचं काय जात होतं? पण नाक मोठं.

मग एक दिवस दूधवाला म्हणाला, "खालचं दूध रविवारपासून बंद. वहिनी लेकीकडे चालल्यात, कायमच्या."

"जाईनात का," बाई म्हणाल्या, आणि दूध उतू जाईपर्यंत गॅससमोर नुसत्या उभ्या राहिल्या.

त्यांच्या चार पानांत 'दोन चौकट' ही बोली दोन वर्षं रिकामी पडली होती. बाईंनी चौथं पान नव्यानं टाइप केलं. 'दोन चौकट: चूक माझी होती. जाऊ नकोस. यावर उत्तर, दोन बदाम: राहते. दोन इस्पिक: जाते. पास चालणार नाही.' आणि पान दाराखालून सरकवलं.

बुधवारी दुपारी वहिनीचा शेवटचा खेळ. तेरा डाव तिनं एक नो-ट्रम्प सोडून बाकी सगळ्या बोल्या लावल्या. चौदाव्याला तिनं एक नो-ट्रम्प मांडलं. बाईंचे पत्ते भिकार होते, तरी त्यांनी दोन चौकट टाकलं.

"अलर्ट," वहिनी म्हणाली. बोलीत छुपा अर्थ असला की जोडीदारानं तसा इशारा द्यायचा, आणि विरुद्ध जोडीतल्या कुणी विचारलं तर अर्थ मोठ्यानं सांगायचा, हा नियम. नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेल्या बाई नेमका हाच विसरल्या होत्या. त्यात शेजारी दातांचे डॉक्टर. दुसऱ्याला तोंड उघडायला लावणं हा त्यांचा धंदाच.

"अर्थ काय याचा?" त्यांनी विचारलं.

"चूक यांची होती," वहिनी खणखणीत आवाजात म्हणाली. "आणि मी जाऊ नये."

आसपासच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"पण चौकटचे पत्ते किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते यांनी लिहिलेलं नाही."

बाईंचे कान तापले. वहिनीचा हात बदामापाशी थांबला, इस्पिकावरून फिरला आणि तिनं पासचं कार्ड मांडलं.

म्हणजे बोली तिथंच संपली, आणि आता चौकट हुकूम धरून बाईंनी आठ हात करायचे. त्यांच्याकडे चौकटचे पत्ते दोन. वहिनीनं आपले पत्ते उघडे मांडले, तिच्याकडेही दोनच. मग तिनं अकरा वर्षांत पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत बघितलं.

"भोगा आता, वन्सं."

आठापैकी बाईंचे तीन हात झाले. इतक्या लाजिरवाण्या बुडण्यातही त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं, कारण त्यांना वन्सं म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

वहिनीनं गुण लिहिले आणि पेनाला टोपण लावलं. "चौथ्या पानात पासला अर्थच ठेवला नाहीत तुम्ही. नीट करून पुढच्या बुधवारी आणा."

"अगं, पण रविवारी तू..."

"आणि त्या चोंबड्या दूधवाल्याला सांगा," वहिनी म्हणाली, "खालचं अर्धा लिटर चालूच राहू दे."