न विचारता काढलेला फोटो
मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की मला आरमोरीकडचं एक गाव आठवतं. पंच्याऐंशी साली मी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या विभागात नुकतीच लागले होते, आणि इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून तिथल्या एका विद्यार्थ्याबरोबर मला दुभाषी म्हणून पाठवलं होतं. सकाळी बाया मोह वेचत होत्या. झाडाखाली लुगड्यावर निजलेल्या बाळाचा त्याने फोटो काढला. परवानगी मी आदल्या दिवशी गावच्या पाटलांकडून घेतली होती. बाळाची आई टोपली टाकून धावत आली, ती थेट माझ्यापुढे. "त्या सायबाले आपली बोली येत नाई, बाई. तुमाले तं येते ना? मग मले काऊन नाई इचारलं?" बाकीच्या बाया भोवती जमल्या. "काय म्हणतेय?" त्याने इंग्रजीत विचारलं. "तिला फोटो नकोय," मी म्हणाले. त्याने कॅमेरा उघडला आणि आठवडाभराच्या फोटोंचा रोल उन्हात ओढून काढला; सगळे फोटो गेले. ती गोंधळली. "अवो, हे काऊन केलं त्यानं?" मी वाकून सांडलेली मोहफुलं तिच्या टोपलीत भरू लागले. तो मायदेशी परतला, त्याची पत्रं अजून येतात. बाळाची आई खरं काय म्हणाली होती, ते मी त्याला अजून लिहिलेलं नाही.